ढासळलेल्या मनाची पुनर्बांधणी

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच्या गणेशविसर्जनाच्या मिरवणुका आटोपून मराठवाड्यातील गावे गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर हा सारा परिसर भूकंपाने हादरला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

पुढील काही वर्षांत राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने आणि अनेक स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाने तेथे पुनर्वसनाचे मोठे कार्य हाती घेतले. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपाला तोंड देऊ शकतील अशी घरे उभी राहिली. परंतु नव्या घराची किल्ली हाती आल्यानंतरही अनेक कुटुंबे रात्री छताखाली झोपण्यास धजावत नव्हती. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात किंवा अंगणात बाज टाकून ती रात्र काढीत. भिंत किती बळकट आहे हे अभियंता मोजून सांगू शकतो, तसा दाखलाही देऊ शकतो. परंतु ज्या छताने आपली माणसे हिरावून नेली, त्या छतावर पुन्हा विसंबावे, असे मनाला कोणत्याही दाखल्याने पटवून देता येत नाही.

मनाचा हा ढळलेला विश्वास पुन्हा उभा करणे हे मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. औषधाची गोळी किंवा टाक्याचा दोरा त्याच्या हाती नसतो. समोर बसलेल्या माणसाशी जुळणारे विश्वासाचे नाते हेच त्याचे मुख्य साधन होय. हे नाते कसे जुळते, ते कशाने तुटते आणि तुटल्यास पुन्हा कसे सांधता येते, याचा विचार गेल्या शंभर वर्षांत अनेक अंगांनी झालेला आहे.

आघात म्हणजे काय?

प्रत्येक दुःखाला मानसशास्त्रात आघात म्हणत नाहीत. मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांचा प्रत्यक्ष अनुभव आला, अथवा ते डोळ्यांसमोर घडताना पाहावे लागले, आणि त्या वेळी मनुष्य पूर्णपणे असहाय झाला, तर मनावर जो घाव होतो त्याला आघात असे म्हणतात. भूकंप, पूर, दरड कोसळणे, अपघात, दंगल, युद्ध, घरातील मारहाण, बालपणी झालेला अत्याचार ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

या घावाची दखल वैद्यकशास्त्राने ठळकपणे घेतली ती पहिल्या महायुद्धात. आघाडीवरून परतलेल्या सैनिकांपैकी कित्येकांच्या अंगावर जखम नव्हती. परंतु कोणाची वाचा गेली होती, कोणाचे हातपाय थरथरत होते, कोणी रात्री किंचाळत उठत होते. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये अशा सैनिकांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो सर्वतोमुखी झाला. अशा सैनिकांना भेकड ठरविण्याची, किंवा विजेचे चटके देऊन ‘बरे’ करण्याची प्रवृत्ती त्या काळी होती. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या डॉक्टरने एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील युद्धरुग्णालयात वेगळा मार्ग अवलंबिला. हेच रिव्हर्स पूर्वी निलगिरी पर्वतातील तोडा लोकांचा अभ्यास करण्यासाठी भारतात येऊन राहिले होते; परक्या माणसांचे म्हणणे त्यांच्या जागी बसून ऐकण्याची सवय त्यांना तेथे जडली असावी. ‘झाले ते विसरून जा’ हा सैनिकांना दिला जाणारा सर्रास सल्ला अपायकारक आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. भयंकर आठवण दाबून न टाकता, विश्वासाच्या माणसाजवळ ती हळूहळू उलगडावी, अशी त्यांची रीत होती.

तरीही या विकाराला स्वतंत्र नाव मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत ‘आघातोत्तर तणाव विकार’ या नावाने त्याचा समावेश केला. घडलेला प्रसंग नको असताना पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येणे, वाईट स्वप्ने पडणे, त्या प्रसंगाची आठवण करून देणारी जागा व माणसे टाळणे, मन बधिर होणे किंवा स्वतःला दोष देत राहणे, किंचित आवाजानेही दचकणे, झोप न लागणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ती महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे दैनंदिन व्यवहार अडू लागला, तरच असे निदान करतात. संकटातून गेलेल्या प्रत्येकाला हा विकार जडतो असे मात्र नाही. आप्तेष्टांचा आधार, निवारा आणि कामधंदा मिळाल्यास बहुसंख्य माणसे कालांतराने सावरतात.

अविश्वास हे दुखण्याचेच अंग

आघात झालेला मनुष्य सहजासहजी कोणावर विश्वास ठेवीत नाही. पुष्कळदा नातेवाईक याला हट्टीपणा समजतात. वास्तविक तो दुखण्याचाच एक भाग असतो. धोक्याची सूचना देणारी मेंदूतील यंत्रणा एकदा अतितीव्रतेने जागी झाली, की ती पूर्ववत शांत होण्यास वेळ लागतो. दार आपटले, कोणी मागून हाक मारली, ट्रक गेल्याने जमीन किंचित थरथरली, एवढ्यानेही शरीर पळण्याच्या तयारीत येते. धोका टळला आहे हे बुद्धीला समजते, पण छातीच्या धडधडीला समजत नाही.

आघात निसर्गाने केलेला असेल, तर मनुष्याचा जमिनीवरचा, पाण्यावरचा विश्वास उडतो. तो माणसाने केलेला असेल, तर माणसांवरचा उडतो. ज्याने सांभाळावयाचे त्यानेच अत्याचार केला असेल, तर ‘मदत करतो’ असे म्हणणारा प्रत्येक जण संशयास्पद वाटू लागतो. अशा व्यक्तीसमोर मानसशास्त्रज्ञ बसतो, तेव्हा तोही एक अनोळखी, अधिकारपदावरचा आणि बंद दाराआडचा माणूस असतो, हे त्याला विसरून चालत नाही.

नाते हेच उपचाराचे अधिष्ठान

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. मनुष्यात बदल घडून यावयाचा, तर उपचारकाच्या ठायी तीन गोष्टी असाव्यात: वागण्या-बोलण्यातील अस्सलपणा, समोरच्या व्यक्तीविषयी कोणत्याही अटीविना आदर, आणि तिचे जग तिच्या नजरेने समजून घेण्याची समानुभूती. समानुभूती ही सहानुभूतीहून वेगळी आहे. सहानुभूती काठावर उभी राहून हळहळते. समानुभूती बुडणाऱ्याला पाणी किती खोल वाटत असेल याचा अदमास घेते, मात्र स्वतः बुडत नाही.

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन घटक सांगितले. कोठे पोहोचावयाचे याविषयी दोघांचे एकमत, त्यासाठी काय काय करावयाचे याविषयी एकमत, आणि परस्परांतील आपुलकीचा बंध. नंतर झालेल्या अनेक अभ्यासांतून असे दिसून आले आहे, की उपचारपद्धती कोणतीही असो, हे नाते जितके दृढ तितका उपचाराचा परिणाम चांगला. आघाताची आठवण टप्प्याटप्प्याने सामोरी आणणाऱ्या ज्या पद्धती आज प्रभावी मानल्या जातात, त्यांना तर या नात्याची गरज अधिकच असते. कारण तेथे मनुष्याला त्याच्या सर्वांत भयंकर क्षणाकडे पुन्हा पाहण्यास सांगितले जाते. हात धरणाऱ्यावर भरवसा नसेल, तर त्या अंधाऱ्या खोलीत कोण पाऊल टाकील?

मानसशास्त्रात मदतीसाठी आलेल्या व्यक्तीला ‘रुग्ण’ न म्हणता ‘सल्लार्थी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, तीही याच विचारातून. उपचार करून घेणारा आणि उपचार करणारा असा भेद मागे पडून, दोघे मिळून एक काम हाती घेतात, हा भाव त्यात आहे.

पहिली भेट

हे नाते प्रत्यक्षात कसे जुळते हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भूकंपात घर कोसळून एक मूल गमावलेली एक तरुण स्त्री ग्रामीण रुग्णालयात येते. तक्रार डोकेदुखीची आणि झोप न लागण्याची आहे. सोबत सासू आहे आणि सर्व प्रश्नांची उत्तरे तीच देते. तपासणीत काही आढळत नाही, म्हणून डॉक्टर तिला मानसशास्त्रज्ञाकडे पाठवितात.

कुशल मानसशास्त्रज्ञ प्रथम भूकंपाचा विषयच काढीत नाही. ती आत येताच तो आपले नाव व काम सांगतो, आणि कोठे बसावयाचे हे तिलाच ठरवू देतो. दाराकडे पाठ करून बसणे अनेकांना असह्य होते. ज्या छताचे तिला भय आहे त्याच छताखाली तिला बसावयाचे आहे, म्हणून दार उघडे ठेवावे की लोटावे, हेही तिलाच विचारतो. वाटल्यास व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसण्याचीही त्याची तयारी असते. या बाबी क्षुल्लक वाटतात. परंतु आघाताच्या वेळी जिच्या हाती काहीच उरले नव्हते, तिला आज खुर्चीची जागा तरी स्वतः ठरविता आली, ही सुरुवात लहान नव्हे.

त्यानंतर सासूबाईंचे म्हणणे तो आदराने ऐकतो, कारण त्यांनाही नातवाचे दुःख आहेच. मग काही वेळ सुनेशी एकटीशी बोलण्याची परवानगी तो दोघींकडूनही मागतो. भेट किती वेळ चालेल, पुन्हा केव्हा येता येईल, लिहून घेतलेल्या कागदाचे काय होईल, हे तो साध्या भाषेत सांगतो. आणि शेवटी एक वाक्य आवर्जून सांगतो: “ताई, जे सांगावेसे वाटत नाही ते सांगू नका. मध्येच थांबावेसे वाटले तर नुसता हात वर करा.”

पहिल्या भेटीत ती काहीच बोलत नाही. दुसऱ्या भेटीत झोपेविषयी बोलते. मानसशास्त्रज्ञ झोपेवरच काम करतो. श्वास सावकाश सोडण्याची रीत शिकवितो. घाबरल्यासारखे झाले की पायाखालची जमीन चाचपावी, समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावी, म्हणजे मन त्या रात्रीतून आजच्या दिवसात परत येते, हे तिच्याकडून करवून घेतो. तिला दोन रात्री थोडी झोप लागते. मदत मागितली आणि ती खरोखर मिळाली, हा अनुभव तिला या घटनेनंतर कदाचित प्रथमच येतो.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

विश्वासाचा पाया गोपनीयतेवर उभा असतो. गावात बातमी पसरण्यास वेळ लागत नाही, आणि ‘वेडाच्या डॉक्टरकडे जाते’ हा शिक्का बसण्याचे भय मोठे असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिचा आजार, उपचार व शुश्रूषा यांसंबंधीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क देण्यात आला आहे. हा अधिनियम २०१८ मध्ये अमलात आला.

तथापि हा हक्क अमर्याद नाही. कोणाच्या जिवाला धोका असल्यास, किंवा सक्षम न्यायालयाने आदेश दिल्यास, आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते. बालकांवरील लैंगिक अपराधांच्या बाबतीत २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून टाकाव्यात, असा दंडक आहे. ‘तू काहीही सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊन नंतर ते मोडावे लागले, तर एकदा फसवणूक झालेल्या मनाची दुसऱ्यांदा फसवणूक होते. निम्मे वचन देऊन ते पूर्ण पाळणे, हे पूर्ण वचन देऊन ते निम्मे पाळण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

ऐकण्याची कला

आघातग्रस्ताला बोलते केले की त्याचे मन मोकळे होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मानसशास्त्रज्ञही काही काळ याच मताचे होते. संकटातून वाचलेल्यांना पहिल्या काही दिवसांतच एकत्र बसवून सारा प्रसंग तपशीलवार सांगावयास लावण्याची पद्धत १९८० नंतर अनेक देशांत रूढ झाली. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा अशा एकाच बैठकीने पुढील विकार टळतो याला आधार मिळाला नाही, उलट काही जणांना त्याचा त्रासच झाला, असे आढळले. म्हणून आज अशी सक्तीची बैठक घेऊ नये, असे तज्ज्ञांचे मत आहे. जखमेची खपली केव्हा निघावी हे जखमच ठरविते.

ऐकताना मानसशास्त्रज्ञ काही गोष्टी कटाक्षाने टाळतो. ‘तू तेव्हा पळाली का नाहीस?’, ‘आधी का सांगितले नाहीस?’ यांसारख्या प्रश्नांतील ‘का’ हा आरोपासारखा लागतो. ‘देवाची इच्छा’, ‘इतरांचे तर याहून अधिक गेले’, ‘आता मन घट्ट करा’ ही वाक्ये सांत्वनासाठी उच्चारली जातात. परंतु ऐकणाऱ्याला त्यांतून ‘आता पुरे कर’ एवढाच अर्थ लागतो. ‘सर्व काही ठीक होईल’ हे आश्वासनही तो देत नाही, कारण गेलेले मूल परत येणार नसते. जे बोलले गेले ते आपण नीट समजलो की नाही, हे तो पडताळून पाहतो. स्तब्धता आली तर ती घाईने भरून काढीत नाही. आणि सल्लार्थीचेच शब्द वापरतो. ती ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे होते’ म्हणाली, तर तो त्याला ‘नैराश्य’ हे पुस्तकी नाव देऊन मोकळा होत नाही; तो त्या दगडाविषयीच विचारतो.

आपल्याकडे मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगण्याची रीत आहे. अंगाची आग होते, डोके जड होते, हातापायांतले त्राण जाते, अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. त्यांना ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ असे सांगणे म्हणजे दार लावून घेणे होय. दुखणे खरे आहे, हे मान्य केल्यावरच पुढचे बोलणे सुरू होते.

तीन टप्पे

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत, ते पुढे सर्वत्र मार्गदर्शक ठरले. पहिला टप्पा सुरक्षिततेचा, दुसरा आठवण आणि शोक यांचा, तिसरा जीवनाशी पुन्हा नाते जोडण्याचा. पहिला टप्पा पुरा झाल्याखेरीज दुसऱ्यात उतरू नये, हे त्यांतील मर्म आहे. जी स्त्री आजही रोज मार खाते आहे, तिला कालच्या मारहाणीच्या आठवणी उकलावयास लावण्यात अर्थ नसतो. तिला आधी सुरक्षित निवारा, वैद्यकीय मदत आणि कायद्याचे साहाय्य हवे असते.

हे सूत्र ध्यानात घेऊन मुंबईत वांद्रे येथील महानगरपालिकेच्या भाभा रुग्णालयात, महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांच्या सहकार्याने ‘दिलासा’ हे केंद्र २००० मध्ये सुरू करण्यात आले. घरगुती हिंसाचाराला बळी पडलेली स्त्री पोलीस ठाण्यात जाण्यास कचरते, पण जखमेवर पट्टी बांधून घेण्यासाठी रुग्णालयात येतेच. तेथेच तिला समुपदेशन मिळावे, ही त्यामागील योजना. तिच्या अडचणीच्या ठिकाणी आपण जाऊन उभे राहणे, हाही विश्वास संपादन करण्याचाच मार्ग आहे.

उदाहरणातील स्त्रीकडे पुन्हा वळू. पाचव्या भेटीच्या अखेरीस, जाण्यासाठी उठून दारापाशी गेल्यावर, ती पाठमोरीच म्हणते, “दोघं निजली होती. हाताला आलं ते एक उचललं.” एवढेच. आजवर घरात कोणालाही तिने हे सांगितलेले नसते. डोकेदुखीच्या मुळाशी असलेला अपराधाचा डोंगर या एका वाक्यात बाहेर येतो. या क्षणी ‘तुझा काही दोष नाही’ असे चटकन म्हणून तो डोंगर हलत नाही. मानसशास्त्रज्ञ म्हणतो, “हे इतके दिवस तुम्ही एकट्यानेच वाहिलेत.” आणि पुढच्या भेटीची वेळ पक्की करतो. त्या भेटीपासून दुसरा टप्पा सुरू होतो. अंधारात, काही क्षणांत, धुळीत गुदमरत असताना कोणत्याही आईच्या हाती किती निवड होती, याचा शोध पुढे अनेक भेटींत तिलाच सावकाश घ्यावा लागतो. निष्कर्ष तिने स्वतः काढलेला असेल, तरच तो टिकतो.

नाते तुटते तेव्हा

विश्वासाचे नाते एका सरळ रेषेत वाढत नाही. मन मोकळे केल्यानंतर पुष्कळदा सल्लार्थी पुढच्या भेटीला येत नाही. आपण फार बोललो, आता हा माणूस आपल्याविषयी काय विचार करील, अशी लाज तिला वाटते. कोणी मुद्दाम उशिरा येतो, कोणी रागावतो, कोणी ‘तुम्हांला याचा पगार मिळतो’ असे टोचून बोलतो. हा मनुष्य आपल्याला टाकून देतो की काय, याची ती परीक्षाच असते.

अशा वेळी मानसशास्त्रज्ञाने रागावू नये, आणि लाचारही होऊ नये. चूक त्याची असेल, म्हणजे भेटीस उशीर झाला, नाव विसरले, प्रश्न घाईने विचारला गेला, तर ती त्याने स्पष्टपणे कबूल करावी. अधिकारपदावरच्या माणसाने ‘माझे चुकले’ असे म्हणणे हा कित्येकांच्या आयुष्यातील पहिलाच अनुभव असतो. नात्यातील अशी तूट वेळीच सांधली गेली तर नाते पूर्वीपेक्षा बळकट होते, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. नाती तुटली तरी जोडता येतात, हा धडा सल्लार्थीला उपदेशाऐवजी अनुभवाने मिळतो.

सांधण्याइतकेच मर्यादा पाळणेही महत्त्वाचे असते. ठरलेल्या वेळी भेटणे, झेपणार नाही ते वचन न देणे, भेटवस्तू, पैशांचे व्यवहार व खासगी मैत्री यांपासून दूर राहणे, संमतीखेरीज पाठीवर हातही न ठेवणे, हे नियम कोरडे वाटले तरी संरक्षक आहेत. ज्याच्या मर्यादा कोणी तरी उद्ध्वस्त केल्या, त्याला मर्यादा पाळणारा माणूस भेटणे हाच उपचार असतो.

रोज अशी दुःखे ऐकणाऱ्याच्या मनावरही त्यांचा भार साचतो. त्याची झोप बिघडते, किंवा त्याचे मन निबर होऊ लागते. म्हणून अनुभवी सहकाऱ्याशी नियमित सल्लामसलत करणे, कामाचा बोजा मर्यादित ठेवणे आणि विश्रांती घेणे हा या व्यवसायातील कर्तव्याचा भाग मानला जातो.

तज्ज्ञ अपुरे, म्हणून सर्वांचा हात

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर भारतात या विषयाला वेगळी दिशा मिळाली. हजारो पीडितांच्या मानाने मानसोपचारतज्ज्ञ अगदीच थोडे होते. तेव्हा बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी पीडितांवर उपचार करणाऱ्या सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनाच्या दुखण्याचे प्रशिक्षण दिले. पुढे लातूरचा भूकंप, १९९९ चे ओरिसातील महाचक्रीवादळ, २००१ चा गुजरातमधील भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या आपत्तींत हा अनुभव कामी आला, आणि गावातीलच प्रशिक्षित स्वयंसेवक व शिक्षक यांचा सहभाग वाढत गेला. परक्या तज्ज्ञापेक्षा आपल्या बोलीत बोलणारी गावची ताई अनेकदा अधिक लवकर विश्वासाला पात्र ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रे दिली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे. जवळ बसून, बोलण्याची सक्ती न करता ऐकावे. आणि अन्न, निवारा, नातलग व शासकीय मदत यांच्याशी त्या व्यक्तीला जोडून द्यावे. हे काम सरपंच, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक असे कोणीही थोड्या प्रशिक्षणाने करू शकते. पंचनाम्यासाठी आलेल्या कर्मचाऱ्याने दोन मिनिटे थांबून, खाली बसून चौकशी केली, तरी त्याचे मोल मदतीच्या रकमेहून कमी नसते.

लक्षणे महिन्यानंतरही कायम राहिल्यास, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी आल्यास, मात्र तज्ज्ञांची मदत घ्यावी. त्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांतून सेवा देण्यात येते. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. घरातून बाहेर पडणे ज्यांना शक्य नाही, त्यांना याचा विशेष उपयोग आहे.

उदाहरणातील ती स्त्री कालांतराने पूर्ववत झाली, असे म्हणता येणार नाही. गेलेल्या मुलाची आठवण जन्मभर राहणारच. परंतु एक दिवस ती मानसशास्त्रज्ञाला सांगते, की काल रात्री पाऊस आला म्हणून अंगणातली बाज तिने आत घेतली, आणि वाचलेल्या मुलाला कुशीत घेऊन ती पहाटेपर्यंत छताखाली झोपली. मानसशास्त्रज्ञ त्यावर विशेष काही बोलत नाही. सासूबाई दाराशी उभ्या असतात; त्यांना तो आत बोलावतो. इतके दिवस त्या दोघींनी आपापले दुःख एकमेकींपासून लपविलेले असते. आता त्याच खोलीत त्या प्रथमच गेलेल्या बाळाचे नाव घेतात. तिसऱ्या टप्प्याला येथून आरंभ होतो. यापुढे मानसशास्त्रज्ञाची गरज हळूहळू कमी होत जाते, आणि ती तशी कमी व्हावी, याचसाठी त्याचे सारे प्रयत्न असतात.